अमेरिकेचे गिल्डेड एज आणि सुधारणांचा काळ (१८७०–१९२०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे, ट्रस्ट (एका धंद्यातल्या कंपन्या एका हाताखाली आणणारे मक्तेदार गट), संप आणि सुधारणा या विषयावर विद्यार्थी आणि हौशी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या काळातला कुठलाही कायदा वाचताना तो कोणत्या साली झाला एवढ्यावर थांबू नका, पहिल्यांदा कोणावर चालवला गेला तेही बघा. निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात.

१. गिल्डेड एज आणि प्रोग्रेसिव्ह एरा म्हणजे नेमकी कोणती वर्षे?

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. दक्षिणेत उभे असलेले संघराज्याचे सैन्य १८७७ मध्ये काढून घेतले गेले. साधारण १८७० ते १९०० हा गिल्डेड एजचा काळ. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी १८७३ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली होती, ते नाव इतिहासकारांनी पुढे उचलले. प्रोग्रेसिव्ह एरा, म्हणजे सुधारणांचा काळ, १८९० च्या दशकापासून १९२० पर्यंत धरतात. मधली दहा वर्षे दोन्हींत येतात आणि त्यात चूक काही नाही. उत्तरपत्रिकेत 'सुमारे' लिहा आणि पुढे जा.

२. अमेरिकेत उद्योग इतक्या झपाट्याने कसे वाढले?

कोळसा, लोखंड आणि तेल एकाच देशात होते. युरोपातून माणसांचा लोंढा येत होता. आणि महासागरापासून महासागरापर्यंत पसरलेल्या बाजारपेठेत मधे एकही जकात नाका नव्हता. पोलादाचे उत्पादन १८८० मध्ये सुमारे साडेबारा लाख टन होते, ते १९०० मध्ये एक कोटी टनांवर गेले. रेल्वेमार्ग १८६५ मध्ये ३५,००० मैलांच्या आसपास होते, शतक संपताना १,९०,००० मैलांच्या पुढे गेले.

मात्र हे सगळे 'सरकारने हात न लावता' घडले, हे पाठ्यपुस्तकी वाक्य खरे नाही. परदेशी मालावर जबर आयातशुल्क होते, रेल्वेला फुकट जमीन होती (प्रश्न ३), आणि संप मोडायला सैन्यही मिळत होते (प्रश्न ७). सरकार हजर होते. ते कोणाच्या बाजूला उभे होते, एवढाच प्रश्न आहे.

३. पॅसिफिकपर्यंतची रेल्वे सरकारने बांधली की खासगी कंपन्यांनी?

बांधली कंपन्यांनी, पण सरकारच्या आधारावर. १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिक या कंपन्यांना मार्गालगतच्या जमिनी दिल्या. त्याशिवाय दर मैलामागे सरकारी कर्जरोखे मिळाले: सपाटीवर १६,००० डॉलर, उंच पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,०००.

पैसा मैलावर मिळणार म्हटल्यावर मैल वाढवण्यात फायदा होता. कुठे भेटायचे हे आधी ठरलेच नव्हते, त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या भरावाच्या टोळ्या युटामध्ये एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या आणि कित्येक मैल समांतर भराव घालत राहिल्या. शेवटी काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) मधे पडावे लागले. १० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी समिट येथे रूळ जोडले गेले.

तीन वर्षांनी क्रेडिट मोबिलियर प्रकरण फुटले. युनियन पॅसिफिकच्या चालकांनी बांधकामाचे ठेके आपल्याच दुसऱ्या कंपनीला फुगवलेल्या दराने दिले होते, आणि कोणी चौकशी करू नये म्हणून त्या कंपनीचे शेअर स्वस्तात खासदारांना वाटले होते. ठेका आपणच द्यायचा आणि आपणच घ्यायचा, ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगावी लागत नाही.

जाता जाता: अमेरिकेतली प्रमाणवेळ हीसुद्धा रेल्वेचीच देणगी. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कंपन्यांनी आपापसात ठरवून घड्याळे बदलली. सरकारी कायदा व्हायला १९१८ उजाडले.

४. या रेल्वेवर चिनी मजूर होते म्हणतात. त्यांचे पुढे काय झाले?

सेंट्रल पॅसिफिकचे बहुतेक मजूर चिनीच होते. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट त्यांनी सुरुंगांनी फोडला, हिवाळ्यात बर्फाखालच्या बोगद्यांत काम केले. जून १८६७ मध्ये त्यांनी जास्त पगार आणि कमी तास मागत संप केला. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने डोंगरातल्या छावण्यांचा शिधाच बंद केला. आठवडाभरात संप मिटला.

मार्ग तयार झाला, पुढे मंदी आली, आणि 'हे आमचे काम खातात' अशी ओरड सुरू झाली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले. कायदा उठला तो १९४३ मध्ये, जपानविरुद्धच्या युद्धात चीन मित्र झाल्यावर. आणि उठला तरी वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश होता.

५. होमस्टेड कायद्याने फुकट वाटलेली जमीन मुळात कोणाची होती?

मूलनिवासी जमातींची. १८६२ च्या या कायद्याने नाममात्र शुल्क भरून १६० एकर मिळत. पाच वर्षे राहून कसून दाखवली की जमीन तुमची. लाखो गरीब कुटुंबांना याने खरोखर पाय टेकायला जागा मिळाली, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजू १८८७ च्या डॉज कायद्यात दिसते. जमातीच्या सामाईक मालकीच्या जमिनीचे कुटुंबवार तुकडे पाडायचे, 'इंडियन' माणसाला शेतकरी करून सुधारायचे, असा हेतू सांगितला गेला. वाटप झाल्यावर उरलेली जमीन 'जादा' ठरवून विकली. मूलनिवासींकडे १८८७ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख उरले. कायद्यामागे बरेचसे लोक स्वतःला मूलनिवासींचे हितचिंतक म्हणवणारे होते. २९ डिसेंबर १८९० ला वूंडेड नी येथे लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली, तीही याच काळात.

एक गफलत नेहमी होते: होमस्टेड कायदा आणि होमस्टेडचा संप यांचा संबंध नाही. संप झाला तो पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड गावात. तो पुढच्या उत्तरात येतो.

६. कार्नेगी आणि रॉकफेलर लुटारू होते की दानशूर?

दोन्ही, आणि दोन्हींसाठी पैसा एकाच तिजोरीतला.

अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडहून आलेल्या विणकराचा मुलगा. श्रीमंत मरणे ही नामुष्की आहे, असे त्याने १८८९ मध्ये लिहिले. १८९२ मध्ये त्याच्या होमस्टेड कारखान्यात पगाराचा करार संपत आला, तेव्हा तो स्कॉटलंडला होता. कारभार हेन्री क्ले फ्रिककडे होता. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातले, टाळेबंदी केली आणि ६ जुलैला पिंकर्टन एजन्सीचे ३०० भाडोत्री शिपाई नदीमार्गे बार्जमधून आणले. गाव काठावर उतरले. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसे मेली, पिंकर्टनवाले शरण आले. मग गव्हर्नरने राज्याची फौज पाठवली आणि संघटना मोडली. पोलाद कारखान्यांत ती पुन्हा पाय रोवू शकली १९३० च्या दशकात.

१८९८ मध्ये याच होमस्टेडला कार्नेगीने टोलेजंग ग्रंथालय दिले. जगभरात अशी २,५०० वर ग्रंथालये त्याने उभारली. पण बारा तासांची पाळी, आणि पाळी बदलताना सलग चोवीस तास भट्टीसमोर उभा राहणारा मजूर तिथे वाचायला जाणार कधी, हे कोणी विचारले नाही. बारा तासांची पाळी तिथून गेली १९२३ मध्ये.

रॉकफेलरचे प्रकरण जास्त थंड डोक्याचे आहे. स्टँडर्ड ऑइल १८७० मध्ये ओहायोत निघाली. तेल खोदण्यात जुगार आहे हे ओळखून त्याने शुद्धीकरण आणि वाहतूक धरून ठेवली. रोज ठरावीक माल देतो म्हणून रेल्वेकडून भाड्यात गुप्त सूट घेतली. १८७२ च्या एका योजनेत तर प्रतिस्पर्धी जे भाडे भरतील त्यातलाही वाटा स्टँडर्डच्या गोटाला मिळणार होता! बोभाटा झाला आणि ती योजना बारगळली, पण त्या दडपणाखाली क्लीव्हलंडमधल्या बहुतेक शुद्धीकरणवाल्यांनी कारखाने त्याला विकून टाकले होते. दहा वर्षांत देशातले सुमारे ९० टक्के शुद्धीकरण त्याच्या हातात आले. आयडा टार्बेलने हा सगळा इतिहास १९०२ पासून मॅक्ल्युअर्स मासिकात कागदपत्रांनिशी मांडला. तिचे वडील पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात धंदा करत होते, त्यामुळे ही झळ तिने घरात पाहिली होती.

१९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात रॉकफेलरचे शेअर होतेच. त्यांचे भाव चढले आणि तो आणखी श्रीमंत झाला.

७. मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० चा. मग ट्रस्ट पुढे वीस वर्षे टिकले कसे?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. १८९५ या एका वर्षाकडे बघा.

जानेवारीत साखर ट्रस्टचा निकाल लागला. देशातले ९८ टक्के साखर शुद्धीकरण एका कंपनीकडे गेले होते. न्यायालय म्हणाले, कारखान्यात माल बनवणे म्हणजे 'व्यापार' नव्हे, आणि संघराज्याचा कायदा आंतरराज्य व्यापारापुरता. कंपनी सुटली.

मे महिन्यात युजीन डेब्सचा निकाल लागला. १८९३ च्या मंदीत रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने पगार कापले होते, पण कामगार राहत होते त्या कंपनीच्याच घरांचे भाडे तसेच ठेवले होते. डेब्सच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनचे डबे जोडायला नकार दिला. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम काढताना शर्मन कायद्याचा आधार घेतला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने टपाल अडते म्हणून सैन्य धाडले आणि हुकूम मोडल्याबद्दल डेब्सला सहा महिने तुरुंगवास झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

म्हणजे साखरेचा ट्रस्ट व्यापार अडवत नव्हता आणि संप अडवत होता. १९०८ मध्ये डॅनबरीच्या टोपी कामगारांनी मालकाच्या मालावर बहिष्कार टाकला तेव्हाही हाच कायदा लागला. भरपाई अडीच लाख डॉलरच्या आसपास गेली आणि साध्या सभासदांच्या घरांवर जप्ती आली.

वारे फिरले थिओडोर रूझवेल्टच्या काळात. १९०४ मध्ये बँकर मॉर्गनची नॉर्दर्न सिक्युरिटीज ही रेल्वे कंपन्या एकत्र आणणारी कंपनी मोडली गेली, १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइल (प्रश्न ६). १९१४ च्या क्लेटन कायद्यात माणसाचे श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे असे स्पष्ट लिहिले. १९२१ मध्ये न्यायालयाने त्या वाक्यातलीही हवा काढली. मनाई हुकुमांना खरा लगाम बसला १९३२ मध्ये.

८. १ मे शिकागोतून आला, मग अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरात का?

आठ तासांच्या मागणीसाठी १ मे १८८६ ला देशभर संप झाला. ४ मेला शिकागोच्या हेमार्केटमध्ये पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी आठ अराज्यवाद्यांना दोषी धरले. त्यांतल्या चौघांना फाशी झाली, एकाने त्याआधीच तुरुंगात आत्महत्या केली. १८९३ मध्ये गव्हर्नर अल्टगेल्डने उरलेल्या तिघांना माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असे म्हटले. पॅरिसला १८८९ मध्ये जमलेल्या समाजवाद्यांनी १ मे जगभर पाळायचे ठरवले. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडला ही आठवण नको होती. पुलमनचा संप पेटलेला असतानाच, जून १८९४ मध्ये, त्याने सप्टेंबरातल्या सुट्टीवर सही केली.

९. शेतकरी 'चांदी, चांदी' का ओरडत होते?

कर्ज महाग होत होते आणि धान्य स्वस्त. चलनात चांदी आली तर पैसा सैल होईल, भाव वाढतील, कर्ज फिटेल, हे त्यांचे गणित. १८९० च्या आणखी एका शर्मन कायद्याने (तोच सिनेटर, कायदा वेगळा) सरकार दरमहा चांदी विकत घेऊ लागले होते. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत लोकांची चांदी रुपयात पाडून देणे बंद केले. जगात चांदीचा भाव कोसळला आणि आधीच घाबरलेल्या अमेरिकेने त्या वर्षीच चांदीची खरेदी थांबवली. १८९६ मध्ये चांदीचा झेंडा घेऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला ब्रायन हरला. मुंबईच्या टांकसाळीचा नेब्रास्काच्या शेतकऱ्याशी असा संबंध आहे, आणि तो फारसा कोणी शिकवत नाही.

१०. 'प्रोग्रेसिव्ह' हा एक पक्ष होता का?

त्या नावाचा पक्ष १९१२ मध्ये रूझवेल्टने काढला, पण चळवळ त्याच्या आधीची आणि त्याच्यापेक्षा मोठी. दोन्ही मोठ्या पक्षांत प्रोग्रेसिव्ह होते. बरेचसे काम तर ज्यांना मतच नव्हते अशा बायकांनी केले. जेन ॲडम्सने १८८९ मध्ये शिकागोच्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र उघडले. तिथल्या फ्लोरेन्स केलीने कारखाने पाहून आकडे गोळा केले आणि कायदे करायला लावले.

न्यूयॉर्कच्या टेनेमेंट इमारतींबद्दल विचारतात, म्हणून थोडे. आपल्या गिरणगावातल्या चाळीला निदान समोर गॅलरी असते. तिथल्या मधल्या खोल्यांना खिडकी असलीच तर ती दोन इमारतींमधल्या अरुंद भोकात उघडायची, आणि त्यात लोक कचरा टाकत. जेकब रीसने फ्लॅशच्या उजेडात या खोल्यांचे फोटो काढले. १९०१ च्या कायद्याने तशा नव्या इमारतींना बंदी आली.

११. ट्रायँगल कारखान्याच्या आगीला इतके महत्त्व का? त्याआधी आगी लागल्या नव्हत्या का?

लागल्या होत्या. ही भर शहरात, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर लागली.

२५ मार्च १९११, शनिवार, सुट्टीची वेळ. मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर बायकांचे ब्लाऊज शिवायचा कारखाना होता. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. तिथून दहाव्या मजल्यावरच्या ऑफिसात फोन गेला, मालक गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्याला कोणी सांगितलेच नाही. तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता. मुलींनी कापड चोरू नये म्हणून सगळ्यांना एकाच बाजूने सोडून पिशव्या तपासायची पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जण मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. कित्येकींनी खिडकीतून उड्या घेतल्या. दोनच वर्षांपूर्वी, १९०९ च्या मोठ्या संपात, याच कारखान्यातल्या मुली रस्त्यावर उतरल्या होत्या आणि मालकांनी संघटनेला मान्यता नाकारली होती.

मालक सुटले. दरवाजा बंद होता एवढे पुरेसे नव्हते, तो त्या क्षणी बंद असल्याचे मालकांना माहीत होते हे सिद्ध करायचे होते. त्यांच्या वकिलाने एका वाचलेल्या मुलीकडून तीच साक्ष पुन्हा पुन्हा वदवून घेतली. शब्द तेच येतात म्हणजे पढवलेली आहे, असे ज्यूरीला वाटायला लावले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत एका जिवामागे ७५ डॉलर मिळाले.

पण आगीच्याच वर्षी, १९११ मध्ये, न्यूयॉर्कने चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ हे त्याचे प्रमुख, दोघेही टॅमनी हॉल या शहरातल्या बदनाम राजकीय यंत्रणेच्या तालमीतले. त्यांनी कारखाने प्रत्यक्ष हिंडून पाहिले आणि तीसहून अधिक कायदे झाले. आग रस्त्यावरून पाहिलेली फ्रान्सेस पर्किन्स या आयोगाच्या कामात होती. १९३३ मध्ये ती अमेरिकेची कामगारमंत्री झाली, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

१२. कामाचे तास ठरवणारे कायदे न्यायालय का उडवत होते?

चौदाव्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवून. मुक्त गुलामांच्या संरक्षणासाठी ही दुरुस्ती झाली, पण १९०५ मध्ये तिचा लाभ जोसेफ लॉकनर या बेकरीमालकाला मिळाला: बेकरी कामगाराने दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबण्याचा करार करण्याचे 'स्वातंत्र्य' ५ विरुद्ध ४ मतांनी अबाधित राहिले. १९०८ मध्ये ओरेगनमधल्या धुलाईकामगार स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा मात्र टिकला. वकील ब्रँडाइसने कायद्याचा काथ्याकूट दोन पानांत उरकून शंभरावर पाने आरोग्याची आकडेवारी दिली होती. पण बाई म्हणजे नाजूक, हे गृहीतकही त्यासोबत पक्के झाले. बालमजुरीवरचा १९१६ चा संघराज्याचा कायदा १९१८ मध्ये रद्द झाला, टिकाऊ कायदा आला १९३८ मध्ये.

१३. सुधारणांच्या काळात कृष्णवर्णीयांना काय मिळाले?

बहुतेक ठिकाणी होते तेही गेले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे घटनेला मान्य ठरले. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. हत्यारे होती साक्षरतेची परीक्षा आणि मतदानकर, आणि त्यांचे समर्थन 'निवडणुका स्वच्छ करणे' या सुधारकी भाषेत व्हायचे. प्रोग्रेसिव्ह म्हणून निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या सरकारने १९१३ पासून सरकारी कचेऱ्यांतही टेबले वेगळी केली. आयडा बी. वेल्सने झुंडहत्यांची प्रकरणे शोधून छापली, त्यापायी तिचे मेम्फिसचे वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना १९०९ मध्ये उभी राहिली.

१४. या काळाशी मराठी माणसांचा काही थेट संबंध आहे का?

आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. चारच वर्षांनी दक्षिणेतले सैन्य हटले आणि ती मुक्ती पातळ होत गेली. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहायला गेलेल्या पंडिता रमाबाई १८८८ पर्यंत अमेरिकेत फिरल्या, स्त्रियांच्या संस्था जवळून पाहिल्या आणि परतल्यावर तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. कौतुक भरपूर केले, पण वर्णभेदाकडे डोळेझाक केली नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथले त्यांचे शिक्षक जॉन ड्यूई आणि उत्पन्नकराचे पुरस्कर्ते एडविन सेलिग्मन, दोघेही या चळवळीतलेच. उत्पन्नकराला वाट देणारी सोळावी दुरुस्ती १९१३ चीच.

१५. अमेरिकेचा विस्तार पॅसिफिकच्या किनाऱ्यावर थांबला का?

नाही. अलास्का १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरला घेतला होता. हवाईच्या राणीला १८९३ मध्ये ऊसमळ्यांशी लागेबांधे असलेल्या मंडळींनी पदच्युत केले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत आली. त्याच वर्षी स्पेनकडून पोर्तो रिको, ग्वाम आणि दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स मिळाले. १९०१ पासूनच्या निकालांत न्यायालयाने ठरवले की या मुलखांतल्या लोकांना घटनेचे सगळे हक्क आपोआप लागू होत नाहीत.

१६. १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने सगळ्या अमेरिकी स्त्रियांना मत मिळाले ना?

कागदावर, लिंगाच्या कारणाने मत नाकारता येईना. वायोमिंगमध्ये तर स्त्रिया १८६९ पासून मतदार होत्या. पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपुढे प्रश्न १३ मधले अडथळे उभेच होते, ते मोडले १९६५ च्या कायद्याने. सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळाले, आणि काही राज्यांनी त्यानंतरही त्यांना मतदानापासून दूर ठेवले. आशियातून आलेल्यांना नागरिक होता येत नव्हते: चिनींना ती वाट १९४३ मध्ये खुली झाली, भारतीयांना १९४६ मध्ये, जपान्यांना १९५२ मध्ये. पोर्तो रिकोत साक्षर स्त्रियांना १९२९ मध्ये आणि उरलेल्यांना १९३५ मध्ये मत मिळाले, तेही तिथल्या निवडणुकांपुरते.